फारकत आणि सामाईक विहीर

(शिवाजीनगर, बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या देशाने किंवा प्रदेशाने राजकीय संघातून बाहेर पडण्याचे ठरवावे, तो निर्णय युद्धाने नव्हे तर वाटाघाटींच्या मार्गाने अमलात यावा, शेवटी करारावर रीतसर सह्या व्हाव्यात, आणि इतके सर्व होऊनही लोकांच्या मनात समाधानाऐवजी चीड आणि थकवाच उरावा, असे का घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा प्रश्न मनात येताच अलीकडच्या काळातील ब्रिटनचे उदाहरण आपल्यापुढे उभे राहते. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपण आज ज्या वस्तीत जमलो आहोत तिनेच राज्यबदलाचा अनुभव दोनदा घेतलेला आहे, आणि येथून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेळगाव जिल्ह्यात तो अनुभव अद्याप संपलेला नाही.

प्रथम या वस्तीविषयी. आजचे शिवाजीनगर म्हणजे पूर्वीची ब्लॅकपल्ली. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे फौजेची छावणी वसविली आणि तिच्या आश्रयाने व्यापारी, कारागीर, शिंपी, खाटीक, पाववाले अशा नाना व्यवसायांच्या लोकांची दाट वस्ती उभी राहिली. १८३१ पासून म्हैसूर संस्थानचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. १८८१ मध्ये त्यांनी तो वडियार घराण्याला परत केला, तेव्हा छावणीचा प्रदेश मात्र स्वतःच्या ताब्यात ठेवला. सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश रेसिडेंटच्या अमलाखाली राहिला. कब्बन पार्कच्या एका बाजूला संस्थानचे शहर आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांचे ठाणे, अशी एकाच बंगळुराची दोन बंगळुरे झाली. दोन नगरपालिका, दोन कारभार, आणि भाषांचा तोलही निराळा. पेठेत कन्नड आणि तेलुगू अधिक ऐकू येई, तर ठाण्यात तमिळ, दख्खनी उर्दू आणि इंग्रजी.

२६ जुलै १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या वीस दिवस आधी, हे ठाणे म्हैसूरला परत देण्यात आले. कागदावर हा एका दिवसाचा व्यवहार होता. दोन नगरपालिका एकत्र येऊन बंगळूर महानगरपालिका अस्तित्वात येण्यास मात्र डिसेंबर १९४९ उजाडावा लागला. ठाण्यात राहणाऱ्या अनेकांना या बदलाविषयी धास्ती वाटत होती. आपली भाषा कचेरीत चालेल काय, आपले परवाने टिकतील काय, आपल्या मुलांना नोकऱ्या मिळतील काय, असे त्यांचे प्रश्न होते. परक्या सत्तेचा अंमल संपतो आहे हे त्यांना कळत होते आणि बहुतेकांना ते हवेही होते. तथापि वाटाघाटी दिल्ली, लंडन आणि म्हैसूर यांच्यात चालल्या होत्या. ब्लॅकपल्लीच्या बाजारातील दुकानदाराशी त्या चाललेल्या नव्हत्या. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एखाददुसरी ओळ मिळते. माझ्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की निर्णय जाहीर होण्याचा दिवस आणि निर्णय माणसाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा दिवस हे दोन वेगळे दिवस असतात. आजच्या विषयाचे सारे मर्म या दोन दिवसांच्या मधल्या काळात आहे.

आपल्याकडील एकत्र कुटुंबांच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. चूल वेगळी करणे हे एका संध्याकाळचे काम असते. भावाभावांत शब्दाला शब्द वाढतो, थोरला उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी दोन चुली पेटतात. पण त्यानंतर जमिनीची मोजणी येते, कर्जाची विभागणी येते, बैलजोडीची किंमत ठरते, आईने कोणाकडे राहावे हे ठरते. इतके झाल्यावरही विहीर उरते. विहिरीचे दोन तुकडे करता येत नाहीत. वाटणीपत्रात ती सामाईक म्हणून लिहिली जाते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. पुढे दोन पिढ्या जे तंटे चालतात ते चुलीवरून क्वचितच असतात. ते बहुधा पाण्याच्या पाळीवरून असतात. राज्ये आणि राष्ट्रे यांच्या फारकतीतही असेच घडते. वेगळे होण्याची घोषणा चुलीविषयी असते आणि करार करावा लागतो तो विहिरीविषयी.

आता ब्रिटनकडे वळू. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. १९७५ मध्ये तेथे जनमत घेण्यात आले आणि मोठ्या बहुमताने लोकांनी समुदायात राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर चार दशकांनी, २३ जून २०१६ रोजी, तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. या वेळी ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते: राहावे किंवा निघावे. परंतु निघावे या एका शब्दात किती निरनिराळे अर्थ सामावलेले होते! कोणाला त्यात परदेशातून येणाऱ्या कामगारांना आळा दिसत होता, कोणाला आपल्या समुद्रातील मासळीवरचा हक्क, कोणाला आपल्या संसदेचे सार्वभौमत्व, तर कोणाला जगभर मुक्त व्यापार. बाहेर पडल्यावर युरोपच्या सामाईक बाजारपेठेत राहायचे की तीही सोडायची, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच.

परिणाम असा झाला की कौल मिळाल्यानंतर देशाला आपण कशाचा कौल दिला आहे याचा शोध घ्यावा लागला. मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारने बाहेर पडण्याची रीतसर सूचना दिली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये करार तयार झाला. त्याची पाने पाचशेहून अधिक होती. १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभागृहाने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा फेटाळला गेला. ज्यांना युरोपात राहायचे होते त्यांनी तो नाकारला, कारण त्यात बाहेर पडणे होते. ज्यांना बाहेर पडायचे होते त्यांच्यापैकी अनेकांनीही तो नाकारला, कारण त्यात त्यांच्या कल्पनेतील बाहेर पडणे नव्हते. २९ मार्च २०१९ हा ठरलेला दिवस टळला, त्यानंतरची तारीखही टळली, ऑक्टोबरअखेरची तारीखही टळली. त्या वर्षी मार्च महिन्यात लंडनच्या रस्त्यांवरून प्रचंड मोर्चे निघाले; बाहेर पडण्याची प्रक्रियाच रद्द करावी अशी मागणी करणाऱ्या अर्जावर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या; आणि ज्या दिवशी देश बाहेर पडायचा होता त्या दिवशी आपली फसवणूक झाली असे म्हणणारे लोक संसदेसमोर जमले. परस्परांचे विरोधक असलेले हे दोन्ही जमाव एकाच गोष्टीवर संतापलेले होते. आपण बोललो, आणि त्यानंतर आपले कोणी ऐकत नाही, अशी दोघांचीही भावना होती.

अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. तरी विहीर उरलीच. ती होती आयर्लंड बेटावर. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, उरलेले आयर्लंड युरोपीय संघाचा सदस्य देश, आणि दोहोंमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. १९९८ च्या शांतता करारानंतर ही सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती. शेतकऱ्याचे घर एका बाजूला आणि कुरण दुसऱ्या बाजूला अशी स्थिती कित्येक ठिकाणी आहे. ब्रिटन बाहेर पडताच ही सीमा दोन बाजारपेठांमधील सीमा होणार हे उघड होते. तरी ब्रिटनच्या बहुसंख्य मतदारांपुढे हा मुद्दा प्रचाराच्या काळात फारसा आलाच नाही. उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. परंतु मोजणी साऱ्या देशाची एकत्र झाली. पुढे सीमेवर तपासणी नको म्हणून ती समुद्राकडे, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये, नेण्यात आली. त्यामुळे सीमेवरील एक समाज निश्चिंत झाला आणि दुसरा दुखावला. त्या दुखावलेल्या समाजाच्या प्रमुख पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे प्रांतिक सरकार चालू दिले नाही.

हे वाचून आपल्याकडील कित्येकांना नवल वाटले असेल. ज्यांनी १९५६ ते १९६० चा काळ पाहिला किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला, त्यांना मात्र यात ओळखीचे बरेच काही दिसले असेल. तो इतिहास थोडक्यात पाहू. येथे एक भेद आरंभीच सांगितला पाहिजे. ब्रिटन हा स्वतंत्र देश होता आणि महाराष्ट्र व गुजरात ही भारतीय संघराज्याच्या आतील राज्ये. त्यांनी एकमेकांपासून फारकत घेतली, देशापासून घेतली नाही. परंतु फारकतीचा व्यवहार आणि त्यातून निर्माण होणारी लोकभावना या दृष्टीने दोहोंची तुलना उपयुक्त ठरते.

मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे या मागणीला संघटित रूप आले ते १९४६ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनापासून. स्थळ बेळगाव होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला, तेव्हा मराठी आणि गुजराती प्रदेशांचे एकच द्विभाषिक मुंबई राज्य सुचविण्यात आले होते आणि विदर्भाचे स्वतंत्र राज्य. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित राहील असे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले. मुंबईत गोळीबार झाले. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. अखेर तडजोड म्हणून १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ आणि मराठवाडा यांच्यासह विशाल द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले. ते मराठी जनतेला नको होते, तसेच गुजराती जनतेलाही नको होते. अहमदाबादेतही गोळ्या चालल्या आणि इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने आपले मत स्पष्टपणे नोंदविले. १९५९ च्या अखेरीस काँग्रेस श्रेष्ठींनी विभाजन मान्य केले आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये अस्तित्वात आली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले.

विभाजन ठरले आणि घोषणांची जागा कलमांनी घेतली. नव्या गुजरातला आरंभीच्या वर्षांत जी तूट येईल ती भरून काढण्यासाठी आणि नव्या राजधानीसाठी महाराष्ट्राने पैसे द्यावेत असे ठरले. डांग गुजरातकडे गेले. ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा आणि पश्चिम खानदेशातील काही तालुक्यांचा काही भाग गुजरातकडे गेला. विदर्भाला दिलेल्या शब्दानुसार नागपुरास विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले. तथापि आपल्याला कोणी विचारले नाही, ही विदर्भातील एका वर्गाची तक्रार पुढेही राहिली. मुंबई मिळाली या आनंदात या सर्व कलमांकडे मराठी जनतेचे लक्ष फारसे गेले नाही, आणि त्या आनंदात अस्वाभाविक असे काही नव्हते. ज्यासाठी माणसे मेली ते मिळाले होते. मात्र ज्या बेळगावात ही मागणी मांडली गेली, ते बेळगाव या आनंदात नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जी पुनर्रचना झाली तिच्यात जिल्हा हा घटक धरण्यात आला होता. चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. जिल्हा हा कारभाराच्या सोयीचा घटक आहे. तो महसुलाच्या हिशेबासाठी बनलेला असतो. भाषा ही जिल्ह्याच्या हद्दीपाशी येऊन थांबत नाही. ती गावागावांतून मिसळत जाते आणि कित्येकदा एकाच घराच्या दोन दालनांतून दोन भाषा ऐकू येतात. महाराष्ट्राने पुढे खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी, भाषिक बहुसंख्या पाहावी आणि लोकांची इच्छा विचारात घ्यावी अशी मागणी केली. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमेचा प्रश्न पाटसकर यांच्या मध्यस्थीने खेडे हा घटक धरून सुटला होता, हे त्या मागणीमागचे उदाहरण होते. म्हैसूर राज्याची भूमिका अशी होती की सीमा एकदा संसदेने ठरविल्या आहेत. त्या पुन्हा उघडल्या तर त्याला अंत राहणार नाही.

ऑक्टोबर १९६६ मध्ये सरन्यायाधीशपद भूषविलेले मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. त्यासाठी सेनापती बापटांना वृद्धापकाळी उपोषण करावे लागले. १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर हे भाग महाराष्ट्राला द्यावेत, जत, अक्कलकोट, सोलापूर या बाजूची काही गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असे आयोगाने सुचविले. ज्या महाराष्ट्राच्या आग्रहाने आयोग नेमला गेला त्यानेच अहवाल नाकारला. म्हैसूरने तो जसाच्या तसा अमलात आणावा असा आग्रह धरला. याच आयोगाने कासरगोडविषयी कर्नाटकाच्या बाजूने जी शिफारस केली ती केरळने नाकारली. म्हणजे प्रत्येकाला न्यायाधीश हवा होता आणि प्रत्येकाला निकाल मात्र आपल्या मनासारखा हवा होता. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्यालाही वीस वर्षे उलटून गेली.

१ नोव्हेंबर हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो. त्याच दिवशी बेळगावातील मराठी भाषकांचा एक मोठा वर्ग काळा दिवस पाळतो. तारीख एक, शहर एक, आणि एका रस्त्यावर पताका तर दुसऱ्या रस्त्यावर काळे झेंडे. बंगळुरात बसून हे बोलताना मी कोणत्याही बाजूची वकिली करीत नाही. बेळगावात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कन्नड माणसाचा त्या शहरावर हक्क नाही असे कोणी म्हणू शकणार नाही; आणि तेथील मराठी माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मिळावा ही मागणी देशद्रोहाची आहे असेही कोणी म्हणू शकणार नाही. अक्कलकोट आणि जत येथील कन्नड भाषकांचे प्रश्न याच जातीचे आहेत, फक्त राज्याचे नाव बदलते. माझा मुद्दा असा की फारकत जिथे ठरते तिथे ती संपते आणि फारकत जिथे होते तिथे ती चालू राहते.

यावरून लोकांच्या असंतोषाचे स्वरूप थोडे स्पष्ट होते. सामान्यतः असे म्हटले जाते की लोक अधीर असतात, त्यांना वाटाघाटींतील अडचणी समजत नाहीत, त्यांना सर्व काही हवे असते आणि देण्याची तयारी नसते. यात काही तथ्य आहे. परंतु हे संपूर्ण सत्य असते तर असंतोष सर्वत्र सारखा दिसला असता. तसा तो दिसत नाही. १९६० नंतर मुंबईत किंवा अहमदाबादेत विभाजनाविषयी संताप राहिला नाही. तो राहिला शिवेवर. शिवेवरची माणसे संख्येने थोडी असतात. त्यांच्या मतांनी सरकार बनत नाही आणि पडत नाही. घोषणेच्या काळात त्यांची गाऱ्हाणी व्यासपीठावर सर्वांत पुढे असतात, कारण त्यांचे दुःख डोळ्यांना दिसते. कराराच्या टेबलावर मात्र ती देवघेवीची वस्तू होतात. राजधानीचा प्रश्न सुटल्यावर गावांचा प्रश्न पाहू, असे त्यांना सांगितले जाते, आणि राजधानीचा प्रश्न सुटल्यावर गावांचा प्रश्न पाहण्याची निकड कोणालाच उरत नाही.

असंतोषाचे दुसरे कारण वाटाघाटींच्या पद्धतीत आहे. कौल घेताना लोकांना बोलावले जाते. करार करताना दार लावून घेतले जाते. काही प्रमाणात हे अटळ आहे. आपला शेवटचा आकडा आधीच सांगून कोणी सौदा करीत नाही. पण बंद दारामागे काय चालले आहे हे न कळणे वेगळे आणि बंद दारामागे कोणत्या प्रश्नावर बोलणे चालले आहे हेही न कळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अफवा वाढतात, नेत्यांना सोयीची आश्वासने देता येतात आणि शेवटी जेव्हा करार बाहेर येतो तेव्हा त्यातील प्रत्येक तडजोड ही फितुरी वाटू लागते.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की मग प्रत्येक टप्प्यावर जनमत घ्यावे काय? तसे केल्यास राज्यकारभारच चालणार नाही. हा आक्षेप योग्य आहे. जनमत हे रामबाण औषध नव्हे, हे ब्रिटनच्या उदाहरणाने पुरेसे सिद्ध झाले आहे. पण जनमत कसे घ्यावे याचे एक उदाहरण आपल्याच देशात, मराठी आणि कोंकणी भाषकांच्या गोव्यात, घडलेले आहे. त्याचा विचार आपल्याकडे जितका व्हावा तितका झालेला नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात लोकांचा कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल आणि वेगळेपणाची खूण दोन पाने. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने, जे स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे होते, आधीच राजीनामा दिला. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. अंतर ३४,०२१ मतांचे, म्हणजे फार मोठे नव्हे. हरलेल्या बाजूला दुःख झाले. घराघरांत आणि गावागावांत वाद झाले होते, तेही सहजी विसरले गेले नाहीत. तरी प्रश्न मिटला. काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारले होते त्यांच्यावर विलीनीकरणवादी पक्षाने राज्य केले आणि कौलाचा मान राखला. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाले.

गोव्यात जे साधले ते ब्रिटनमध्ये का साधले नाही? माझ्या मते याचे मुख्य कारण असे की गोव्यातील मतदाराला दोन्ही पर्याय डोळ्यांपुढे दिसत होते. महाराष्ट्र हे राज्य अस्तित्वात होते. त्याचे कायदे, त्याची राजधानी, त्याचा कारभार माहीत होता. केंद्रशासित प्रदेश हाही तो प्रत्यक्ष जगत असलेला अनुभव होता. फूल काय आणि पाने काय, हे त्याला ठाऊक होते. ब्रिटिश मतदाराला एक पर्याय ठाऊक होता आणि दुसरा केवळ कल्पनेत होता. जो पर्याय कल्पनेत असतो तो प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. म्हणून तो निवडून आला तरी प्रत्यक्षात उतरताना बहुतेकांची निराशा करतो. शिवाय गोव्यात कौल झाला तो विहिरीसह झाला. कौलानंतर वाटून घेण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

शांततेने वेगळ्या झालेल्या चेकोस्लोव्हाकियाचे उदाहरणही येथे सांगितले पाहिजे, कारण त्यातून उलट बाजू दिसते. १ जानेवारी १९९३ रोजी त्या देशाची दोन राज्ये झाली. संघाची मालमत्ता लोकसंख्येच्या मानाने दोनास एक अशी वाटून घेण्यात आली. सामाईक चलन काही काळ ठेवावे असे ठरले होते. ते दोन महिनेही टिकले नाही. इतकी सुरळीत फारकत इतिहासात दुर्मीळ आहे. परंतु या प्रश्नावर लोकांचे मत घेण्यात आले नव्हते आणि त्या काळच्या पाहण्यांनुसार दोन्हीकडच्या बहुसंख्य लोकांना विभाजन नको होते. वाटणी चोख झाली, विचारणा झाली नाही. ब्रिटनमध्ये विचारणा झाली, वाटणी मात्र लोकांना न दाखवता विचारणा झाली. या दोन टोकांच्या मध्ये शहाणपणाची जागा असली पाहिजे.

त्या जागेकडे जाण्यासाठी नागरिकाने काय करावे? माझ्या मते, जो कोणी आपल्याला फारकतीचे किंवा विलीनीकरणाचे, नव्या राज्याचे किंवा नव्या सीमेचे वचन देतो, त्याला सभेतच काही साधे प्रश्न विचारावेत. विहीर कोणती, हे त्याने आधी सांगावे. म्हणजे नद्या, रस्ते, कर्ज, नोकऱ्या, विद्यापीठे, दवाखाने यांपैकी काय वाटता येणार नाही आणि त्याच्या पाळ्या कशा लावणार, हे सांगावे. नव्या सीमेवर कोणती गावे येतील आणि त्या गावांशी कोणी बोलले आहे काय, हे सांगावे. बोलणी अडली तर तोपर्यंत त्या गावांतील मुलाने कोणत्या भाषेत शिकावे आणि त्याच्या बापाने सातबारा कोणत्या भाषेत मागावा, हेही सांगावे. ज्याच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे नाहीत त्याची मागणी अन्यायाची असेलच असे नाही. पण त्याची तयारी झालेली नाही, एवढे नक्की समजावे.

आणि ज्या ठिकाणी फारकत होऊन गेली आहे, सीमा आखली गेली आहे आणि ती बदलण्याची शक्यता दूर आहे, तेथे काय करावे? तेथे निकालाची वाट पाहताना माणसांना ताटकळत ठेवू नये, एवढे तरी दोन्ही राज्यांना करता येण्यासारखे आहे. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत प्राथमिक शिक्षण मिळावे अशी तरतूद राज्यघटनेत १९५६ मध्येच, म्हणजे पुनर्रचनेच्याच वर्षी, समाविष्ट झालेली आहे. ती तरतूद बेळगावच्या मराठी मुलाला जितकी लागू आहे तितकीच अक्कलकोटच्या कन्नड मुलाला. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची किंवा कोणत्याही सीमेच्या फेरआखणीची गरज नाही. शाळेत शिक्षक नेमला, कचेरीतील फलकावर दुसऱ्या लिपीतील एक ओळ वाढविली, अर्जाचा नमुना दोन भाषांत छापला, तर राज्याची हद्द एक इंचही हलत नाही. असे का होत नाही, याचे उत्तर असे की दोन्हीकडे काही लोकांना हा असंतोष जिवंत राहण्यात लाभ दिसतो. शिवेवरच्या माणसाला तो लाभ मिळत नाही. त्याच्या वाट्याला फक्त बंद झालेली बस आणि दगडफेकीच्या दिवशी मिटलेले दुकान येते.

आपण ज्या वस्तीत जमलो आहोत तेथे एकाच रस्त्यावर चार भाषांतील पाट्या दिसतात. कारभार बदलला म्हणून येथील तमिळ दुकानदार निघून गेला नाही, आणि तो राहिला म्हणून कन्नड भाषेचे राज्य उणे झाले नाही. बदल पचविण्यास येथील लोकांना वर्षे लागली, अडचणी आल्या, तंटेही झाले. परंतु पाण्याच्या पाळ्या हळूहळू बसल्या. बेळगावात आणि अक्कलकोटात त्या बसविण्याचे काम कोणत्या आयोगाने अंगावर घ्यावे याची वाट न पाहता दोन्हीकडच्या शासनांनी ते सुरू करावे, आणि आपण वाचकांनी आणि मतदारांनी त्यांना ते करण्यास भाग पाडावे, एवढेच मला या निमित्ताने सांगावयाचे आहे.